संस्थेचा पैसा, प्रमुखाचा स्वभाव

एकाच भागात, साधारण एकाच सुमारास सुरू झालेल्या दोन सेवाभावी संस्थांपैकी एक दहा वर्षांत उधारीत बुडते आणि दुसरी निभावून नेते, तेव्हा त्याचे कारण देणग्यांच्या आकड्यांत क्वचितच सापडते. बहुतेक वेळा ते प्रमुख माणसाच्या पैशाविषयीच्या वृत्तीत असते. पैसा मागायला तो लाजतो का, आलेला पैसा कोणाचा मानतो, शिल्लक राहिली तर त्याला आनंद होतो की अपराधी वाटते, हिशेब विचारणाऱ्याकडे तो कोणत्या नजरेने पाहतो, या चार गोष्टींवर संस्थेचा ताळेबंद घडतो किंवा बिघडतो. वर्षानुवर्षे संस्थांच्या कीर्दी-खतावण्या लिहिणारे आणि तपासणारे लोक वही उघडण्याआधीच पुष्कळसा अंदाज बांधतात, तो याच अनुभवावर.

छत्तीसगडमध्ये भिलाईला लागून असलेले जामुल हा विषय समजून घ्यायला सोयीचे ठिकाण आहे. जामुलचा दुर्ग जिल्हा आधी मध्य प्रांतात आणि मग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता, आणि तेव्हा राजधानी नागपूर होती. भिलाईचा पोलाद कारखाना आल्यावर नागपूर, भंडारा, गोंदियाकडची कितीतरी मराठी कुटुंबे मुंबई-हावडा रेल्वेमार्गाने या पट्ट्यात येऊन स्थिरावली. जामुलचा सिमेंट कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतून निघणारी मळी हा त्याच्या सिमेंटचा एक कच्चा माल. कारखान्यांच्या आसऱ्याने लेबर कॅम्पसारख्या कामगारवस्त्या वाढल्या. सामाजिक कामाला लागणारा पैसा अशा औद्योगिक पट्ट्यात मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक वाट कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची, दुसरी कामगारांच्या स्वतःच्या वर्गणीची. वाट कोणतीही असो, नेत्याच्या वृत्तीप्रमाणे तिचा परिणाम बदलतो.

वर्गणीची वाट या भागात ठळक झाली ती शंकर गुहा नियोगी यांच्या कामामुळे. भिलाई पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात नोकरी करणारे नियोगी कामगार संघटनेच्या कामापायी नोकरीबाहेर गेले. १९७७ मध्ये दल्ली राजहरा येथील लोहखनिजाच्या खाणींतल्या कंत्राटी कामगारांनी छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा केला, तेव्हा त्यांनी नेतृत्वासाठी नियोगींना बोलावले. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला तिथे झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात ११ जण मारले गेले. पुढे १९९० च्या सुमारास चळवळ भिलाईच्या खासगी कारखान्यांत पोहोचली. जामुलच्या सिमेंट कारखान्यातील कंत्राटी कामगारांचा प्रगतिशील सिमेंट श्रमिक संघ याच प्रवाहातला. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे भिलाईतील घरात नियोगींची हत्या झाली.

या चळवळीची पैशाविषयीची वृत्ती दोन गोष्टींत दिसते. पहिली दारूबंदीची. खाणकामगारांची मजुरी लढून वाढवल्यावर वाढीव पैशाचा मोठा वाटा दारूच्या गुत्त्याकडे जाऊ लागला. मजुरी मिळवून दिली की संघटनेचे काम संपले, असे नेतृत्वाने मानले नाही. आलेला पैसा घरात टिकतो का, हाही संघटनेचा प्रश्न झाला आणि दारूविरोधी मोहीम उभी राहिली. दुसरी गोष्ट शहीद हॉस्पिटलची. संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई यांचा बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळाल्याने मृत्यू झाला, तेव्हा कामगारांनी स्वतःचे रुग्णालय बांधायचे ठरवले. १९८२ मध्ये दवाखाना सुरू झाला आणि ३ जून १९८३ रोजी, गोळीबारातल्या मृतांच्या स्मृतिदिनी, रुग्णालय उघडले. बांधकामाचा पैसा कामगारांच्या वर्गणीतून आला आणि अंगमेहनतही त्यांचीच होती. मोठा देणगीदार शोधून सुरुवात करण्याचा सोपा मार्ग तिथे बाजूला ठेवला गेला.

ज्याने पैसे दिले तो विचारणार, हे या पद्धतीचे मोठे बळ आहे. खाणीत दिवसभर घाम गाळून वर्गणी देणारा माणूस औषधाच्या कपाटाकडे बोट दाखवून ‘हे कितीला आणले?’ असे विचारू शकतो, आणि उत्तर देणे प्रमुखाला टाळता येत नाही. कामगार संघटनांच्या १९२६ च्या कायद्याने सर्वसाधारण निधी कशावर खर्च करायचा याची यादी घालून दिली आणि राजकीय कामासाठी वेगळा, ऐच्छिक निधी ठेवायला सांगितले. २००१ च्या दुरुस्तीने किमान वर्गणी ठरवली : ग्रामीण कामगारांसाठी वर्षाला १ रुपया, असंघटित क्षेत्रातल्या इतरांसाठी ३ रुपये आणि बाकीच्यांसाठी १२ रुपये. एवढ्या रकमेत संघटना चालत नाही. पण पावती फाडली की सभासदाचा हक्क सुरू होतो. पावती पुस्तकाला किती मान आहे यावरून संघटनेची प्रकृती ओळखता येते. जिथे कोरी पुस्तके मोजून दिली जातात आणि स्थळप्रती मोजून परत घेतल्या जातात, तिथे भांडणे कमी होतात. जिथे ‘आपल्याच माणसाकडे कसला हिशेब मागायचा’ अशी भाषा असते, तिथे वर्ष-दोन वर्षांत कोणीतरी दुखावून बाहेर पडतो.

वर्गणीला मर्यादाही आहे आणि ती संकटातच उघडी पडते. संप झाला, कामावरून काढले, गोळीबार झाला, की सभासदाचा खिसा रिकामा होतो आणि संघटनेचा खर्च नेमका तेव्हाच वाढतो. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन अनेकांचे प्राण गेले. त्यामागोमाग जखमींचे उपचार, कोर्टकचेऱ्या, बेकार झालेल्यांची घरे असा भार आला. जामुलच्या सिमेंट कामगारांचा कंत्राटी पद्धतीविरुद्धचा वादही न्यायालयांतून आणि कारखान्याच्या स्विस मूळ कंपनीविरुद्ध २०१२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये केलेल्या तक्रारीतून फिरत फिरत २०१६ च्या करारापर्यंत पोहोचला. इतकी लांब लढाई महिन्याच्या वर्गणीवर चालवायची तर चांगल्या काळात बाजूला टाकलेली रक्कम लागते. पण शिल्लक ठेवणे म्हणजे लढ्याशी बेइमानी, ही समजूत चळवळींत खोल रुजलेली असते.

पैशाला विटाळ मानणाऱ्या नेतृत्वाची गोष्ट इथूनच सुरू होते. महाराष्ट्रात आणि मध्य भारतात गांधी-विनोबांच्या आणि समाजवादी परंपरेतून आलेल्या अनेक संस्थांत हा स्वभाव भेटतो. प्रमुख स्वतः दोन जोड कपड्यांत राहतो, तिसऱ्या वर्गाने फिरलेला असतो, मानधन घेत नाही. त्याच्या त्यागाविषयी शंका नसते. पण त्याच्या हाताखालच्या कार्यकर्त्याला मुलीची फी भरायची असते, म्हातारीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन करायचे असते. पगारवाढीचा विषय निघाला की बैठकीत शांतता पसरते, कारण समोर बिनपगारी माणूस बसलेला असतो. मग हुशार माणसे तीन-चार वर्षांत निघून जातात आणि उरणाऱ्यांत काही जणांना आडवाटेने पैसे काढायची सवय लागते. प्रवासखर्चाची फुगवलेली बिले, न झालेल्या शिबिराचा चहा-नाश्ता, अशी किरकोळ चोरी बहुधा अतिशय साध्या प्रमुखाच्या संस्थेत सापडते. हिशेब तपासणाऱ्यांना याचे नवल वाटत नाही. जिथे रास्त गरज उघड बोलता येत नाही, तिथे ती व्हाउचरमधून बोलते.

या वृत्तीची दुसरी खूण म्हणजे प्रमुखाचे स्वतःचे पैसे संस्थेत मिसळणे. महिनाअखेर तूट आली की तो घरून रक्कम आणतो, कधी पेन्शनमधून, कधी पत्नीच्या दागिन्यांवर. वहीत ती कर्ज म्हणून लिहिली जात नाही आणि देणगी म्हणूनही लिहिली जात नाही. संस्थेचा खरा खर्च किती, हे त्यामुळे कोणालाच कळत नाही. प्रमुख गेल्यावर वारस हिशेब मागतात, तेव्हा कागदावर काहीच नसते.

त्याग आणि व्यवहार एकत्र नांदू शकतात, याची उदाहरणे मराठी समाजाला परकी नाहीत. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, आणि स्वतःच्या आयुर्विम्याची ५,००० रुपयांची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. त्यांचा त्याग असा कागदावर, रकमेसह नोंदलेला होता. शिवाय त्यांना मागायला लाज नव्हती. गावोगाव फिरून त्यांनी लहान-मोठ्या देणग्या गोळा केल्या, आणि सत्तरी उलटल्यावर परदेश दौऱ्यांतही ते काम सोडले नाही. महिला विद्यापीठाला १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले आणि संस्थेने त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव स्वीकारले. मोठ्या देणगीबरोबर अट येते, ती वाचून-समजून घ्यायची आणि उघडपणे स्वीकारायची, हा धडा त्या नावातच लिहिलेला आहे.

बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले तेव्हा हाताशी १४ रुपये होते, ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. दानावर जगणारा माणूस खचतो, या विचाराने त्यांनी शेती, भाजीपाला आणि हातकामाच्या वस्तूंचे उत्पन्न कामाच्या केंद्रस्थानी ठेवले. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी घ्यायला सुरुवातीला लोक तयार नव्हते. तरी माल बाजारात न्यायचाच हा आग्रह टिकला. चौदा रुपयांचे कौतुक करणाऱ्या अनेक संस्था कमाईचा हा भाग उचलत नाहीत आणि गरिबीच तेवढी उचलतात.

भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचा अनुभव वेगळ्या अंगाने उपयोगी आहे. १९१९ मध्ये काले येथे सुरू झालेल्या या संस्थेच्या वसतिगृहासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले. पण संस्था दागिन्यांवर टिकली नाही. मूठभर धान्याचा मुष्टिफंड, ‘कमवा आणि शिका’, गावकऱ्यांची देणगी आणि सरकारी अनुदान अशा अनेक पायांवर ती उभी राहिली. १९४८ मध्ये मतभेदावरून मुंबई सरकारने अनुदान थांबवले तेव्हा एक पाय गेला, पण संस्था कोसळली नाही. लोकांनी मदत उभी केली आणि अनुदानही पुढे सुरू झाले. सरकारशी मतभेद दाखवण्याची हिंमत प्रमुखात येते ती उत्पन्नाच्या वाटा एकाहून अधिक असतात म्हणून. एकाच देणगीदाराच्या मेहेरबानीवर चालणाऱ्या संस्थेचा प्रमुख कितीही निर्भीड असला, तरी मार्च महिन्यात त्याची भाषा मवाळ होते.

पैसा देणगीदाराचा, आपण फक्त हमाल, असे मानणारी वृत्ती गेल्या काही दशकांत वाढली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते, आणि ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. औद्योगिक पट्ट्यातल्या संस्थांना यामुळे घराजवळ निधी मिळू लागला, पण बहुतेक वेळा प्रकल्पापुरता : इतकी शौचालये, इतक्या शिलाई मशीन, इतकी आरोग्य शिबिरे. कार्यालयाचे भाडे, हिशेबनीसाचा पगार, वीजबिल, ऑडिटची फी यांना त्यात जागा नसते. प्रमुख प्रस्ताव लिहिताना खरा खर्च दाखवायला कचरतो. जास्त दाखवला तर काम दुसऱ्या संस्थेकडे जाईल ही भीती असते. मग दहा रुपयांचे काम तो आठ रुपयांत कबूल करतो आणि उरलेले दोन रुपये दुसऱ्या प्रकल्पातून ओढतो. दुसऱ्या प्रकल्पाचे विनियोग प्रमाणपत्र द्यायची वेळ आली की तिसऱ्यातून. हिशेबनीसाची झोप उडते ती इथे. त्याने कोणताही पैसा खाल्लेला नसतो, पण सही करताना हात कापतो.

या चक्राचे वर्णन ॲन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या संस्थांच्या अभ्यासावरून केले. देणगीदार प्रशासकीय खर्चाविषयी अवास्तव अपेक्षा ठेवतात, संस्था त्या पुऱ्या करण्यासाठी खर्च कमी दाखवतात, आणि कमी दाखवलेला आकडा पाहून देणगीदारांची अपेक्षा आणखी आवळते. या उपासमारीची सुरुवात देणगीदार करतो, पण ती चालू ठेवण्यात प्रमुखाच्या मौनाचा वाटा असतो. भारतात परकीय निधीच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या बदलांनी प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि असा निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी घातली. मोठ्या शहरी संस्थेकडून परकीय निधीचा वाटा घेऊन गावात काम करणाऱ्या लहान संस्थांचा झरा त्या एका बदलाने आटला. ज्या प्रमुखांनी आधीपासून स्थानिक देणगीदार जोडले होते त्यांनी मार्ग काढला. ‘मोठी संस्था आहे ना’ म्हणून निश्चिंत बसलेल्यांना कार्यकर्ते कमी करावे लागले.

पैसा माझाच आहे, ही आणखी एक वृत्ती. ती नेहमी लबाडीतून येत नाही. पुष्कळदा फार कष्टाने उभे केलेल्या कामाविषयीच्या ममत्वातून येते. संस्थापक तिजोरी म्हणजे स्वयंपाकघराचा डबा समजतो : आपण भरला, आपण काढला. चेकवर त्याची एकट्याची सही चालते किंवा दुसरा सही करणारा घरचाच असतो. कोरे चेक आधी सही करून ठेवलेले असतात. अंदाजपत्रक त्याच्या डोक्यात असते. खजिनदार हे पद कागदावर असते. प्रत्यक्षात त्या गृहस्थाला वर्षातून एकदा ताळेबंदावर सहीसाठी बोलावतात. एखादा नवा खजिनदार वह्या मागतो तेव्हा त्याला ‘अविश्वास दाखवतोस का?’ असे ऐकावे लागते. हा प्रश्न ज्या संस्थेत विचारला गेला, तिथे पुढचा प्रश्न बहुधा धर्मादाय आयुक्त किंवा सोसायटी निबंधकाच्या कार्यालयातून येतो.

शिलकीची भीती ही सर्व वृत्तींना जोडणारी गोष्ट आहे. त्यागी प्रमुखाला शिल्लक पाप वाटते, हमाल वृत्तीच्या प्रमुखाला ती देणगीदाराची वाटते, मालक वृत्तीच्या प्रमुखाला ती लपवावीशी वाटते. आयकर कायद्यानेही एक गैरसमज वाढवला आहे. धर्मादाय संस्थेने उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर लावावी असा नियम आहे, आणि अनेक प्रमुख त्याचा अर्थ ‘सगळे संपवा’ असा घेतात. उरलेले १५ टक्के कायद्यानेच मोकळे ठेवले आहेत. त्याहून जास्त रक्कम ठरावीक हेतूने, रीतसर कळवून पाच वर्षांपर्यंत साठवता येते. देणगीदाराने लेखी सांगितले तर रक्कम कायम निधीत जाते. तरीही फेब्रुवारी-मार्चमध्ये गरज नसलेल्या खुर्च्या, संगणक, छापील पत्रके यांची खरेदी होते आणि जूनमध्ये पगाराची ओढाताण होते. २०२० च्या टाळेबंदीत या सवयीची किंमत कळली. देणग्या आजारपणाच्या आणि धान्यवाटपाच्या कामाकडे वळल्या. शाळा, ग्रंथालये, समुपदेशन केंद्रे चालवणाऱ्या संस्थांकडे दोन महिन्यांचा पगारही नव्हता. ज्यांच्याकडे गंगाजळी होती त्यांनी कार्यकर्ते टिकवले, आणि धान्यवाटपालाही तीच माणसे उपयोगी पडली.

वृत्ती बदलण्याचे क्षण संस्थांच्या आयुष्यात मोजके असतात. पहिला मोठा ऑडिट आक्षेप हा एक. तेव्हा प्रमुख लेखापाल बदलतो की पद्धत बदलतो, यावर पुढची दहा वर्षे ठरतात. नेतृत्वाचे हस्तांतर हा दुसरा. नियोगींच्या हत्येनंतर त्यांच्या छत्तीसगड मुक्ती मोर्चा या संघटनेत फूट पडली, पण दल्ली राजहराचे रुग्णालय चालत राहिले. त्याला रुग्णांच्या माफक शुल्काचे नियमित उत्पन्न होते आणि कामाची पद्धत एका माणसाच्या भोवती बांधलेली नव्हती. ज्या संस्थेत बँकखाते, देणगीदारांच्या ओळखी आणि हिशेब एकाच डोक्यात असतात, तिथे ते डोके गेले की सहानुभूती उरते, उत्पन्न उरत नाही. तिसरा क्षण अचानक मोठा पैसा येण्याचा. मोठी देणगी मिळालेल्या लहान संस्था गाडी, इमारत आणि नव्या जागा भरण्यात ती घालवतात आणि तीन वर्षांनी त्या इमारतीचा दुरुस्तीखर्चही पेलू शकत नाहीत.

या अनुभवातून निघणारे नियम साधे आहेत. प्रमुखाने मानधन घ्यावे, ते ठरावाने ठरावे आणि वहीत दिसावे. घ्यायचे नसेल तर घेऊन देणगी म्हणून परत द्यावे, म्हणजे कामाची खरी किंमत कागदावर येते. चेकवर एकमेकांशी नाते नसलेल्या दोघांच्या सह्या असाव्यात. दर महिन्याच्या बैठकीत जमाखर्चाचे एक पान सर्वांसमोर वाचावे, शिपाई आणि ड्रायव्हरसह. गणेशोत्सव मंडळे वर्गणीदारांच्या नावांसह जमाखर्च छापतात. त्याहून कमी पारदर्शकता सेवाभावी संस्थेला शोभत नाही. प्रस्तावात भाडे, हिशेब आणि देखरेख यांचा खर्च न लाजता लिहावा आणि देणगीदाराने तो कापला तर तेवढे काम कमी करावे. निदान तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा. एकूण उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त वाटा एका दात्याकडून येत असेल तर ते धोक्याचे मानून दुसरा दाता शोधायला लागावे. संकटात वर्गणी थांबते हे धरून संघटनांनी लढ्याचा निधी शांततेच्या काळातच उभा करावा.

यातला एकही नियम प्रमुखाच्या संमतीशिवाय अमलात येत नाही. हिशेबनीस कितीही चोख असला तरी तो प्रमुखाच्या वृत्तीपलीकडे जाऊ शकत नाही. फार तर तो तूट वेळेवर दाखवू शकतो. म्हणून संस्थेत नवा प्रमुख निवडताना त्याचे भाषण, तळमळ आणि ओळखी यांच्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा : मागच्या संस्थेचा ताळेबंद त्याने किती जणांसमोर वाचून दाखवला होता? उत्तर देताना जो चिडतो, त्याच्या हाती चेकबुक देऊ नये.